नोकरी की व्यवसाय : तोटा कोणाच्या पदरात?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)

 

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ चाकरी’ ही म्हण महाराष्ट्रातील प्रत्येक घराने ऐकलेली आहे. परंतु आज विवाहयोग्य मुलामुलींची परिचय-पुस्तिका उघडून पाहिली, तर या म्हणीचा क्रम उलटा झालेला दिसतो. मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला मोठ्या कंपनीत असेल तर पहिली पसंती. वडिलांच्या दुकानात बसत असेल तर ‘विचार करून कळवतो’. आणि गावी शेती पाहत असेल तर पुढचे पान! एकेकाळी ज्या समाजात ‘चाकरी’ हा शब्द कमीपणाचा मानला जात असे, त्याच समाजात आज ‘दुकान’ हा शब्द अडचणीचा होऊ लागला आहे. म्हण बदलली, तरी दुसऱ्याच्या उपजीविकेला उत्तम-कनिष्ठ ठरविण्याची सवय मात्र गेली नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात जैनांची संख्या सुमारे ४४ लाख ५० हजार होती आणि त्यांपैकी सुमारे १४ लाख महाराष्ट्रात होते. कोणत्याही राज्यातील ही सर्वांत मोठी संख्या होय. साक्षरतेचे प्रमाण सुमारे ९५ टक्के, म्हणजे देशातील सर्व धर्मसमाजांत सर्वाधिक होते. या आकड्यांचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु त्यांतून निर्माण झालेला प्रश्नही ओळखावा. आजोबांच्या पिढीपुढे निवड नव्हती. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला की तो गादीवर बसे, थान उलगडायला आणि रोजमेळ लिहायला शिके, आणि त्याचा मार्ग ठरून जाई. नातवंडांपुढे मात्र दोन्ही दारे उघडी आहेत. निवडीचे स्वातंत्र्य मिळाले, पण निवड कशाच्या आधारावर करावी याची शिकवण त्याबरोबर मिळाली नाही. त्यामुळे घरोघरी एकच वाद चालू आहे. पित्याला वाटते, तीन पिढ्यांची पेढी मुलगा वाऱ्यावर सोडतो आहे. पुत्राला वाटते, वडिलांना दुकानापुढे मुलाचे शिक्षण दिसत नाही. दोघेही प्रेमापोटीच बोलतात आणि दोघेही दुखावले जातात.

या वादात बहुधा तीन गोष्टी बोलतात : प्रतिष्ठा, भीती आणि ईर्षा. मालक म्हणवून घेण्याची प्रतिष्ठा, महिन्याचा पगार चुकण्याची भीती, आणि शेजारच्याच्या मुलाने गाठलेल्या उंचीची ईर्षा. श्रावकाने मात्र आधी एक वेगळा प्रश्न विचारावा. हा मार्ग फसला तर तोटा कोणाच्या पदरात पडेल? नफ्याचा वाटा कोणाला, हे प्रत्येक भागीदारीपत्रात लिहिलेले असते. तोट्याचा वाटा मात्र पुष्कळदा न लिहिताच दुर्बळाच्या पदरात टाकला जातो. आजच्या विवेचनाचा गाभा एवढाच आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याची आवश्यकता नाही. सातवे अंगसूत्र उपासकदशांग यात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे आहेत. त्यांतील पहिले आनंद श्रावक वाणिज्यग्रामचे अत्यंत संपन्न गृहस्थ होते. त्यांच्या संपत्तीचे वर्णन करताना सूत्रकार केवळ तिचा आकडा सांगून थांबत नाहीत. चार कोटी सुवर्णमुद्रा निधानात, चार कोटी वृद्धीसाठी व्यापारात आणि चार कोटी घरसंसाराच्या विस्तारात, अशी तिची विभागणी सांगतात. आजच्या भाषेत सांगायचे तर राखीव निधी, खेळते भांडवल आणि घरखर्चाची मालमत्ता ही तीन खाती स्वतंत्र होती. व्यापार बुडाला तरी घर बुडणार नाही अशी ही मांडणी आहे. याच सूत्रात सद्दालपुत्र नावाच्या कुंभाराचेही चरित्र आहे. त्याच्या पाचशे भांड्यांच्या दुकानांचा उल्लेख आहे. श्रेष्ठी आणि कुंभार दोघेही एकाच मालिकेत बसतात. तेथे उपजीविकेवरून उच्चनीचता ठरविलेली नाही.

कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात मार्गानुसारी गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले आहेत. त्यांतील पहिला गुण ‘न्यायसंपन्न विभव’ हा आहे. पूजा, तप, दान यांचाही विचार पुढे येतो. परंतु आरंभ धन कसे मिळविले येथून होतो. मिळकतीच्या बेताने खर्च करणे हादेखील याच गुणांपैकी एक होय. उत्पन्नाचे चार भाग करून एक संचयात, एक व्यवसायात, एक धर्म व उपभोगात आणि एक आश्रितांच्या पोषणात लावावा, ही शिकवणही आपल्या परंपरेत आहे. ‘आश्रितांचे पोषण’ हा स्वतंत्र चतुर्थांश आहे, हे विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे.

श्वेतांबर आणि दिगंबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार दिले आहेत : बंध, वध, छविच्छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. शेवटच्या दोहोंचा अर्थ सरळ आहे. पेलवेल त्याहून अधिक ओझे लादणे आणि वेळेवर अन्नपाणी न देणे. बैलगाडीच्या काळात हे नियम प्रामुख्याने जनावरांच्या संदर्भात समजावले जात. आज आपल्यापैकी फार थोड्यांच्या दारात बैल आहेत. परंतु दुकानात काउंटरवर दहा-दहा तास उभा राहणारा माणूस आहे, शिलाईकाम घरी नेणारी भगिनी आहे, यंत्रमागावर ताका विणणारा कारागीर आहे. मंदी आली म्हणून त्यांचा पगार किंवा मजुरी महिनाभर थांबविली, तर तो अन्नपाननिरोध नव्हे काय? जीवदयेसाठी पांजरापोळाला देणगी देणाऱ्याने हा प्रश्न आपल्या रोजमेळालाही विचारावा.

आता इतिहासातील काही उदाहरणे पाहू. जौनपूर येथे १५८६ मध्ये जन्मलेले कविवर बनारसीदास हे जैन व्यापारी घराण्यातील होते. त्यांनी १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे आत्मचरित्र लिहिले. त्यांचे वडील खरगसेन यांनी तरुणपणी बंगालमध्ये एका दिवाणाच्या हाताखाली महसूल वसुलीची चाकरी केली होती. मोठ्या आश्रयाखालील ती नोकरी. परंतु दिवाणाचा आकस्मिक मृत्यू झाला आणि खरगसेनांना सर्व सोडून घराकडे पळ काढावा लागला. पुढे ते जवाहिऱ्याच्या व्यापारात स्थिरावले. वडिलांची चाकरी अशी एका दिवसात संपली, तर पुत्राचा व्यापार अनेकदा बुडाला. वडिलांनी दिलेला माल घेऊन बनारसीदास आग्ऱ्याला गेले आणि निष्काळजीपणाने व अननुभवाने तेथे भांडवल गमावून बसले. तेव्हा आग्ऱ्यातील एका कचोरीवाल्याने त्यांना कित्येक महिने उधारीवर खाऊ घातले. स्वतःजवळ पैसे नसल्याचे त्यांनी त्याला उघडपणे सांगितले होते आणि तरीही त्याने विश्वास ठेवला. पुढे बनारसीदासांनी त्याचे देणे चुकते केले.

या चरित्रात दोन धडे आहेत. नोकरी सुरक्षित आणि व्यापार असुरक्षित ही समजूत चारशे वर्षांपूर्वीही पूर्ण खरी नव्हती. आणि भांडवल गेले तरी खरे बोलणाऱ्याची पत शिल्लक राहते. बनारसीदासांनी आपला तोटा लपविला नाही, म्हणूनच कचोरीवाला जाणूनबुजून त्यात सहभागी झाला. हाच तोटा लपवून ठेवला असता, तर ती उधारी न राहता फसवणूक झाली असती.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घ्यायचे तर सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव प्रथम येते. १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंदांच्या घरी सावकारी व कापसाचा व्यापार चालत असे. त्यांचे वडील शेठ हिराचंद नेमचंद हे समाजसुधारक आणि ‘जैन बोधक’ या नियतकालिकाचे संस्थापक. घरची गादी तयार असताना वालचंदांनी तरुण वयातच रेल्वेच्या बांधकामाच्या ठेक्यांत पाऊल टाकले. ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून निघालेले सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज, बंगळुरूचा विमान कारखाना, विशाखापट्टणमची गोदी हे सर्व पुढचे. आरंभ मात्र लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्यासमवेत केलेल्या भागीदारीने झाला आणि बार्शी लाइट रेल्वेचे काम हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी होते.

हे फाटक कोण होते? ते रेल्वेतील माजी कारकून होते. वालचंदांपाशी भांडवल उभे करण्याची ताकद व धाडस होते; फाटकांपाशी रेल्वेचे काम कसे चालते याची आतून झालेली माहिती होती. पेढीवरचा पुत्र आणि कचेरीतला कारकून एकत्र आले, तेव्हा एका मोठ्या उद्योगसमूहाचा पाया पडला. कारकुनीला कनिष्ठ मानून वालचंदांनी फाटकांकडे पाहिलेच नसते, तर हा पाया पडला असता काय? आपल्या समाजातील नोकरदार आणि व्यापारी एका पंगतीला जेवतात. परंतु परस्परांच्या ज्ञानाचा उपयोग करून घेण्याची कल्पना त्यांना क्वचितच सुचते.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापक होते. बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला बंधूंसमवेत सायकलच्या दुकानात लक्ष घातले. पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार झाला. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्याने तो नांगर प्रथम कोणी घेईना. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या माळरानावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. या कथेतील नोकरी सोडण्याचा प्रसंग आवर्जून सांगितला जातो. नोकरीतील वर्षांत यंत्रांची जी जाण आली, तिचा उल्लेख मात्र कमी होतो. लक्ष्मणरावांची नोकरी वाया गेली नव्हती. ती त्यांची उमेदवारी होती.

याच किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांचे कंदील विकण्यासाठी गावोगाव फिरणारा एक विक्रेता होता. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे १८८७ मध्ये दिगंबर जैन कुटुंबात जन्मलेले ते भाऊराव पाटील होत. विक्रीसाठी खेड्यापाड्यांत फिरताना त्यांनी शेतकऱ्यांच्या घरातील अज्ञान आणि दारिद्र्य जवळून पाहिले. नांगर विकणाऱ्या या माणसाने १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातील मुलांच्या अन्नासाठी पैसा नव्हता, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा, दिले. ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र देणाऱ्या कर्मवीरांना नोकरदार म्हणावे की उद्योजक? दोन्ही शब्द अपुरे पडतात. त्यांनी उपजीविकेतून जीवनकार्य शोधले. लक्ष्मीबाईंच्या त्यागाकडे मात्र केवळ आदराने पाहून चालणार नाही. पुरुषाच्या प्रत्येक धाडसामागे घरातील स्त्रीच्या पेटीतील दागिने असतात. लक्ष्मीबाईंनी ते एका महान कार्यासाठी स्वखुशीने दिले. परंतु किती घरांत सही करण्यापूर्वी गृहिणीला कागद वाचून दाखविला जातो, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

अगदी अलीकडचे उदाहरण जळगावच्या भवरलालजी जैन यांचे आहे. १९३७ मध्ये अजिंठ्याजवळच्या वाकोद या खेड्यात जन्मलेल्या भवरलालजींनी वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण घेतले. राजपत्रित अधिकाऱ्याची सरकारी नोकरी त्यांच्यापुढे चालून आली होती. त्या काळात एका खेड्यातील कुटुंबाला याहून मोठे भाग्य कोणते? तरीही त्यांनी ती नाकारली आणि १९६३ मध्ये कुटुंबाची शिल्लक असलेल्या सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या विक्रीपासून व्यवसाय सुरू केला. पुढे शेतीची अवजारे व साहित्य, १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा बंद पडलेला कारखाना घेऊन त्यात पपेन, नंतर पीव्हीसी पाइप आणि शेवटी ठिबक सिंचन अशी ही वाटचाल झाली. खानदेशातील केळीच्या बागांना ठिबकाने दिलेले पाणी हे त्या निवडीचे फळ होय. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या चरित्राचा एवढाच भाग आपल्या कार्यक्रमांतून सांगितला जातो. त्याच्या जोडीला दुसरा भागही सांगितला पाहिजे. १९९० च्या दशकात त्यांच्या समूहाने शेतीशी संबंध नसलेल्या वित्त, संगणक, ग्रॅनाइट अशा क्षेत्रांत उडी घेतली आणि मोठा फटका सोसला. तेव्हा भवरलालजींनी दोष बाजारावर किंवा हाताखालच्यांवर ढकलला नाही. चूक स्वतःची असल्याचे मान्य करून भागधारकांची जाहीर क्षमा मागितली आणि पुन्हा शेतीच्या मूळ कामाकडे वळले. २०१६ मध्ये त्यांचे निधन झाले. नंतर २०१९ मध्ये कंपनी पुन्हा कर्जाच्या विळख्यात सापडली आणि २०२२ मध्ये कर्जफेडीची नवी व्यवस्था झाली. मोठ्यातल्या मोठ्या उद्योगालाही जोखीम एकदाच पेलून चालत नाही. प्रत्येक पिढीला ती नव्याने पेलावी लागते. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणणारे पुष्कळ आहेत. ताळेबंदासमोर उभे राहून ते म्हणणे फार थोड्यांना जमते.

थोरांच्या या गोष्टी ऐकल्या की तरुणांच्या अंगात वीरश्री संचारते. म्हणून आता साध्या दुकानाचा हिशेब मांडलेला बरा. उदाहरणादाखल एक कापड दुकान घेऊ. वर्षअखेर निव्वळ नफा नऊ लाख रुपये दिसतो. पिता-पुत्र दोघे सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत दुकानात असतात. स्वतःचे भांडवल चाळीस लाख, गाळा स्वतःच्या मालकीचा. हेच चाळीस लाख बँकेत सात टक्क्यांनी ठेवले असते तर दोन लाख ऐंशी हजार व्याज मिळाले असते. गाळा महिना पंधरा हजारांनी भाड्याने दिला असता तर वर्षाचे एक लाख ऐंशी हजार आले असते. ही दोन्ही रक्कम वजा करता चार लाख चाळीस हजार उरतात. म्हणजे प्रत्येकी महिना साधारण अठरा हजार तीनशे रुपये. सायंकाळी शटर ओढणाऱ्या नोकराच्या पगाराच्या आसपासच हा आकडा येतो! अशा दुकानात नफा होत नाही असे नव्हे. पण त्याचा बराचसा भाग आजोबांनी घेतलेला गाळा आणि वडिलांनी साठविलेले भांडवल कमावते, बसणारी माणसे नव्हे. ‘घरचा धंदा’ म्हणून मुलाला थांबविण्यापूर्वी पित्याने हा हिशेब एकदा त्याच्यासमोर बसून करावा.

तसाच हिशेब नोकरीचाही करावा. मोठा पगार ऐकताना महानगरातील घरभाडे अथवा गृहकर्जाचा हप्ता, प्रवासात जाणारे तास, आई-वडिलांच्या आजारपणात न मिळणारी रजा, आणि चाळिशीनंतर कंपनीने निरोप दिल्यास पुढे काय, हे सर्व वजाबाकीच्या बाजूला लिहावे. भविष्य निर्वाह निधी, उपदान, ठरलेली सुट्टी आणि दुसऱ्याच्या खर्चाने मिळणारे शिक्षण हे बेरजेच्या बाजूला. दुकानात हे काहीच नसते. परंतु वडिलांच्या शेजारी बसून माणूस ओळखायला शिकण्याची संधी नोकरीत नसते. ज्याच्या हिशेबात एकच बाजू भरलेली आहे, त्याची निवड अजून झालेली नाही असे समजावे.

व्यवसायाचा मार्ग निवडणाऱ्याने आजच्या काळातील आणखी काही गोष्टी ओळखाव्यात. कंपनी स्थापन केली की जबाबदारी मर्यादित होते, असे पुस्तकात शिकविले जाते. कायद्याच्या दृष्टीने ते खरे आहे. परंतु बँक कर्ज देताना संचालकांची, पुष्कळदा कुटुंबातील सदस्यांचीही, वैयक्तिक हमी घेते. त्या एका सहीने मर्यादित जबाबदारी पुन्हा घराच्या उंबरठ्यापर्यंत येते. आनंद श्रावकांनी तीन खाती वेगळी ठेवली. आपण एका सहीने ती एकत्र करतो. म्हणून राहते घर, मुलींच्या शिक्षणाची ठेव आणि वृद्ध माता-पित्यांचे औषधपाणी यांना कर्जाच्या कागदापासून दूर ठेवावे. हे शक्य नसेल तर व्यवसायाचा आकार लहान करावा. परिग्रह-परिमाण व्रताचा अर्थ संपत्तीला मर्यादा एवढाच आहे असे नाही. कर्जालाही मर्यादा हवी.

दुसरी गोष्ट उधारीची. कापडाच्या धंद्यात कित्येक वर्षे साठ, नव्वद, एकशेवीस दिवसांची देणी चालत आली. किरकोळ दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला थांबवी, तो आडत्याला, आडत्या कारखानदाराला आणि कारखानदार विणकराला. रांगेत सर्वांत शेवटी ज्याचे पोट हातावर, तोच सर्वांचा बिनव्याजी सावकार! २०२३ च्या वित्त कायद्याने सूक्ष्म व लघु उत्पादकांची देणी, करार असल्यास कमाल ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत, चुकती करण्याचे बंधन करहिशेबाशी जोडले. मुदत टळून वर्षअखेरही थकलेले असे देणे त्या वर्षीच्या खर्चात धरले जात नाही. बाजारात त्यावर पुष्कळ नाराजी व्यक्त झाली आणि तीत काही व्यावहारिक अडचणी निश्चितच होत्या. परंतु विणकराचे पैसे वेळेवर द्यावेत, हे सांगण्यासाठी आयकर खात्याची वाट पाहावी लागली, याचे शल्य न्यायसंपन्न विभवाची परंपरा सांगणाऱ्या समाजाला वाटले पाहिजे.

तिसरी गोष्ट बदलाची. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि कापड व्यापाऱ्याला हिशेबाची सारी पद्धत बदलावी लागली. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत ऐन लग्नसराईत दुकाने बंद राहिली. घरबसल्या खरेदीची सवय लागली आणि ग्राहक मोबाइलवर भाव पाहून दुकानाची पायरी चढू लागला. त्या टाळेबंदीत काही दुकानदारांनी साठविलेल्या निधीतून नोकरांचे पगार चालू ठेवले, तर काहींनी पहिल्याच महिन्यात हात वर केले. कंपन्यांतूनही त्या वर्षी अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. कोणता मार्ग सुरक्षित, याचे उत्तर त्या वर्षाने दिले नाही. कोणी निधान राखले होते आणि कोणी आश्रितांचा चतुर्थांश बाजूला ठेवला होता, एवढे मात्र उघड झाले.

मग तरुणाने ठरवावे कसे? चार प्रश्न त्याने स्वतःला विचारावेत. पहिला, या कामात हिंसा, फसवणूक किंवा भेसळ यांवाचून भागते काय? पंधरा कर्मादाने सांगणाऱ्या परंपरेत जन्मलेल्याने नोकरी स्वीकारतानाही हे पाहावे. मालक दुसरा आहे म्हणून आस्रव दुसऱ्याचा होत नाही. दुसरा, या कामातील ज्ञान आपल्यापाशी आहे काय, की केवळ भांडवल आहे? ज्ञान नसेल तर चार-पाच वर्षे कोणाच्या तरी हाताखाली काढण्यात कमीपणा नाही. तिसरा, सर्व फसले तर किती दिवस घर चालेल? वर्षभराचा घरखर्च बाजूला नसेल, तर थांबण्यातच शहाणपण आहे. चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा : तोट्याचा भार ज्यांच्यावर पडू शकतो त्या सर्वांना, म्हणजे पत्नी, माता-पिता, भागीदार, ठेवीदार, नोकर यांना, त्याची पूर्ण कल्पना दिली आहे काय? ज्याला हे चौथे उत्तर देताना डोळे खाली घालावे लागतात, त्याने नोकरी करावी आणि आनंदाने करावी. ज्याला डोळे वर ठेवून उत्तर देता येते, त्याला मोठ्यांनी अडवू नये.

पित्यांनाही एक विनंती आहे. मुलाने किंवा मुलीने नोकरी निवडली तर त्याला पेढीचा पराभव समजू नये. डॉ. विक्रम साराभाई अहमदाबादच्या गिरणीमालकाच्या घरात जन्मले. परंतु त्यांनी आयुष्य विज्ञानाला आणि संस्था उभारण्याला दिले. भौतिक संशोधन प्रयोगशाळा आणि देशाचा अवकाश कार्यक्रम ही त्यांची ‘पेढी’ होती. उदयपूरचे डॉ. दौलतसिंह कोठारी यांनी शिक्षण आयोगाचे अध्यक्ष म्हणून देशाच्या शिक्षणाचा विचार केला. त्यांनी कोणते दुकान चालविले, असे कोणी विचारीत नाही. आणि मुलीलाही दुकानाच्या वारशात बरोबरीचे स्थान द्यावे. जिच्या सहीवर कर्ज उचलता येते, तिला गादीवर बसता येत नाही, हे कोणत्याही न्यायात बसत नाही.

शेवटी दोन शब्द संस्थेसाठी. पन्नास वर्षांत ट्रस्टने पूजा, पाठशाळा, वैद्यकीय साहाय्य आणि शिष्यवृत्ती या मार्गांनी समाजाची सेवा केली, त्याबद्दल आजवरच्या सर्व विश्वस्तांचे अभिनंदन. पुढील पन्नास वर्षांत आणखी दोन गोष्टी घडाव्यात. एक, समाजातील नोकरदार आणि व्यापारी यांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून तरुणांना आपापले हिशेब उघडे करून दाखवावेत. त्यात यशाबरोबर फसलेले व्यवहारही यावेत. दोन, व्यासपीठावरील सत्काराची व्याख्या थोडी रुंद व्हावी. आजवर आपण देणगीचा आकडा वाचून हार घातला. यापुढे ज्याने बुडालेल्या धंद्याची देणी दहा वर्षे नोकरी करून फेडली, ज्याने मंदीत एकाही माणसाला घरी पाठविले नाही, अथवा ज्या गुमास्त्याने एकाच पेढीवर चाळीस वर्षे पै न् पैचा हिशेब चोख ठेवला, त्यालाही पहिल्या रांगेतून वर बोलवावे. मुले व्यासपीठाकडे पाहूनच शिकतात. तेथे कोण बसले आहे, यावरून त्यांची निवड ठरते.

दिवाळीला भगवान महावीरांच्या निर्वाणकल्याणकाच्या पर्वात चोपडापूजन होते. नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर ‘शुभ’ आणि ‘लाभ’ लिहिताना शुभ आधी लिहिले जाते. ती चोपडी स्वतःच्या पेढीची असो की दुसऱ्याच्या कचेरीतील पगारपत्रक असो, हा क्रम सांभाळला म्हणजे श्रावकाची निवड चुकत नाही.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोलण्यात आले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!